अंधाराची कड

४ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. घरात सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे आता आम्ही दोघीच, मी आणि वहिनी. दोघींनी एकमेकींशी काय बोलायचं हे आजवर दादाच ठरवायचा, असं तो गेल्यावर लक्षात आलं. आता जेवताना आम्ही मीठ पुढे सरकवतो आणि उठतो.

फोन केला असता. पण तुमच्याकडे फोन नाही, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे तुम्हाला बोलावून घ्यावं लागतं. आणि आमचा फोन बैठकीत, वहिनीच्या खुर्चीला खेटून. मला जे विचारायचंय ते तिच्या कानावर जायला नको.

विचारायचंय ते असं: अंधार सरकतो का?

हसा. पण हसून झालं की उत्तर द्या. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंत, भाचीला एवढं सांगायला काय जातं?

झालंय असं. महिन्यापूर्वी माझ्या खोलीत काजळी उडायला लागली. पांढरं कापड मांडीवर घेतलं की त्यावर बारीक काळे कण. टिपायला जावं तर हात लागायच्या आधी पळतात. पुसलं तर बोटाला काही लागत नाही. वहिनी पाणी तापवायला ती जुनी रॉकेलची शेगडी पेटवते, तिचाच हा प्रताप. मी सांगितलं तर म्हणाली, "शेगडी स्वच्छ आहे." बास. पुढे शब्द नाही.

मग दिवा मालवून पडलं की डावीकडून कोणीतरी बॅटरी मारावी तसं चमकायला लागलं. उठून बघावं तर खिडकी बंद.

आणि आता हा अंधार. मी कामाला बसते तेव्हा डाव्या हाताला, कपाटाच्या पलीकडे, कोपऱ्यात असायचा. कोपऱ्यात थोडा अंधार असणारच. पण आता तो कपाटाच्या दारापर्यंत आलाय. तुम्हाला वाटेल, डोळे तपास. उजवा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, त्याला उजेड आणि काळोख यापलीकडे काही कळत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण डावा ठणठणीत आहे. कालच काळ्या कापडावर काळ्या धाग्यानं रफू केला. ज्या डोळ्याला ते दिसतं त्याला कपाट दिसणार नाही होय?

वहिनीनं माझ्या खिडकीला जाड पडदा लावलाय. म्हणे वारा येतो. आणि परवा म्हणाली, "वन्सं, मागच्या खोलीत बसत जा. या खोलीला पायऱ्या आहेत." पायऱ्या काय आज बांधल्या? मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. रफूला उत्तरेच्या खिडकीसारखा उजेड नाही. ही खोली गेली तर माझं काम गेलं. आणि काम गेलं तर दादाच्या माघारी या घरात मी कोण, हे तुम्हीच सांगा.

तुमची,
सुईबाई


९ फेब्रुवारी

चि. सुईबाईस अनेक आशीर्वाद.

निवृत्त मास्तराला कोणी आपण होऊन प्रश्न विचारला की त्याचं काय होतं, ते तुला कळायचं नाही. चहा गार झाला. मामी असती तर म्हणाली असती, लागली यांची तास घ्यायची वेळ.

उत्तर: नाही. सरकायला आधी असावं लागतं. अंधार ही वस्तूच नव्हे. त्याला वजन नाही, तो डब्यात भरून शेजारी देता येत नाही, केरसुणीनं लोटता येत नाही. दिवा लावला की अंधार पळाला असं आपण म्हणतो, पण पळत कोणीच नाही. उजेड येतो. येतो-जातो तो उजेड, आणि नाव होतं अंधाराचं. घराघरात असंच असतं म्हणा, करतो एक आणि नाव दुसऱ्याचं.

"मग सावली चालताना दिसते ती, सर?" वर्गात हे कोणीतरी विचारायचंच. मी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोरांना एकापाठोपाठ उभं राहून खाली बसायला लावायचो. लाट सगळ्या वर्गातून धावत जायची आणि एकही पोर जागचं हललेलं नसायचं. सावलीचं तेच. आधी इथला उजेड अडतो, मग शेजारचा अडतो, आपण म्हणतो सावली चालली. चालत असतं ते उजेड अडवणारं.

तेव्हा तुझ्या खोलीतला अंधार पुढे येत असेल तर मला एकच अर्थ लागतो. कोणीतरी उजेड अडवतंय, आणि ते कोणीतरी पुढे येतंय.

सूनबाईंबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणजे म्हणतोच. ती बाई तारखात्यात जन्म घालवून आली आणि बोलणंही तारेसारखंच झालं. लग्नानंतर पहिल्यांदा भेटली तेव्हा मी विचारलं, "काय, आमचा भाचा आवडला का?" तर म्हणाली, "हो. पुढे?" असं माणूस मनात काय शिजवतंय याचा बाहेर वासही येत नाही. तुझ्या खिडकीवर जाड पडदा तिला आत्ताच का सुचावा?

आधी बल्ब बदल. आणि डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव.

मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार.

बल्ब बदलला. दुकानात होता त्यातला सर्वांत मोठा आणला. वहिनी दारातून बघून म्हणाली, "नाटक बसवताय का, वन्सं?" आणि गेली. खोली झगझगीत झाली, पण अंधार जागेवरच. उलट आता त्याची कड जास्त स्पष्ट दिसते.

डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलंय. माझ्याकडे पट्टी नाही, पण टाचण्या आहेत. खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि अंधाराची कड जिथे वाटेल तिथे उठून भिंतीत टाचणी खोचायची, असं रोज करते. मामा, टाचण्यांची रांग घड्याळाकडे चाललीय. आता सांगा, मला भास होतात का?

अजून ऐका. लाँड्रीवाल्यानं माझ्याकडे रफूला दिलेला राखाडी कोट परत आणला. खिशाजवळचं जळकं भोक होतं, कोळशाच्या निखाऱ्यानं पडलेलं. मी शिवणीच्या आतले धागे काढून, कापडाची वीण पाहून, एकेक उभा-आडवा धागा विणून ते भरलं होतं. लाँड्रीवाला म्हणाला, "बाई, रफू फार सुरेख आहे, पण डावी कड तशीच उघडी राहिलीय." मी! माझ्या हातून कड राहिली! मी तीस वर्षांत कड सोडलेली नाही. पण कोट घरातून गेला त्या दिवशी तो बैठकीत खुंटीवर होता आणि मी अंघोळीला गेले होते. एक धागा उसवायला किती वेळ लागतो?

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे सुया. काल सुयांचा डबा उघडला तर माझ्या सगळ्या सुयांत धागा ओवलेला. एकीत पांढरा, एकीत काळा. मी ओवला नव्हता. माझ्या डब्याला कोणी हात लावलेला मला चालत नाही, हे वहिनीला लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे. कोणी काही चोरलं असतं तर इतकं भ्यायले नसते.

शिवाय माझ्या डाव्या हाताला कोणीतरी उभं असतं. मान वळवली की नाहीसं होतं. दोन-तीनदा मात्र वळून पाहिलं तर खरोखरच वहिनी दारात उभी होती. "काय हवंय?" विचारलं तर म्हणते, "काही नाही." माझं तिवईवरचं पाण्याचं भांडं ती रोज डावीकडून उचलून उजवीकडे ठेवते. मी परत डावीकडे ठेवते. काल ते माझ्याच कोपराला लागून पडलं, तेव्हा तिनं काही न बोलता पुसलं. तेच मला खटकलं. ज्याला राग येत नाही त्याचं काहीतरी साधत असतं.

आता तुमच्या भौतिकशास्त्राकडे येते. तुम्ही म्हणता, जे नाही ते सरकत नाही. मामा, भोकही नसतंच. भोक म्हणजे तिथे कापड नसणं. पण लोक माझ्याकडे भोकच घेऊन येतात, कापड आपलं बरोबर येतं. आणि कोट खुंटीवरून काढून टेबलावर ठेवला की भोक खुंटीवर राहत नाही. कोटाबरोबर येतं. मग नसलेली गोष्ट सरकली की नाही? द्या उत्तर, मास्तर.

तुमची,
सुईबाई


२२ फेब्रुवारी

चि. सुईबाईस आशीर्वाद.

हरलो. भोक कापडाबरोबर सरकतं. माझ्या वर्गात तुझ्यासारखी एक असती तर मी लवकर निवृत्त झालो असतो. आता तू मला सांग, हा तुझा अंधार म्हणजे कशात पडलेलं भोक? भिंतीत? हवेत? भिंत तर जागची हलत नाही.

टाचण्यांची युक्ती झकास. पण प्रयोग अर्धा आहे. पुरा कर. खुर्ची उलटी फिरव, खिडकीकडे तोंड करून बस. अंधार कपाटापाशीच राहिला तर तिथे कोणी ना कोणी उजेड अडवतंय, हे सिद्ध. मग मी स्वतः येतो आणि सूनबाईंना समोर बसवून विचारतो. आणि अंधार तुझ्याबरोबर वळला तर? ती शक्यता मी लिहीत नाही. माणसाच्या मागे हिंडणारा अंधार गोष्टीत असतो.

सुयांचं वाचून मलाही बरं वाटलं नाही. सुईत धागा ओवून ठेवणं म्हणजे 'तुझ्या डब्यापर्यंत माझा हात पोहोचतो' हे सांगणंच. काम झालं की डबा कुलपात ठेवत जा.

मामा


२४ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

मामा, नमस्कार.
वन्संचा पडदा सरकला आहे. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. लगेच सांगा. उशीर नको.

सून


२७ फेब्रुवारी

सौजन्यपूर्वक नमस्कार, सूनबाई.

आपलं कार्ड मिळालं. पडदा सरकला असेल तर हात लांब करून पुन्हा ओढून घ्यावा, किंवा सरकलेलाच राहू द्यावा. खोली तिची आहे, उजेडही तिचा. एका पडद्यासाठी पोस्टकार्ड खर्ची घालावं असं आपल्याला वाटलं, यावरून घरात काय चाललंय त्याचा मला अंदाज येतो. ती आपलं ऐकत नाही याचं मला नवल वाटत नाही.

भाचा असता तर हे लिहायची वेळ आली नसती. तिच्या बापाच्या जागी आता मीच आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामा,

ओळी वाकड्या जातील, सांभाळून घ्या. कागदाची डावी कड मला नीट लागत नाही, म्हणून मधूनच सुरुवात केलीय.

प्रयोग केला. खुर्ची फिरवली, खिडकीकडे तोंड केलं.

मामा, तो माझ्याबरोबर वळला.

कपाट आता माझ्या उजवीकडे होतं आणि स्वच्छ दिसत होतं, त्याच्या दारावरचा ओरखडासुद्धा. आणि डावीकडे, खिडकीला लागून जिथे भरपूर उजेड असतो, तिथे अंधार. मग मी बैठकीत गेले. तिथेही. अंगणात भर उन्हात उभी राहिले. तिथेही डावीकडे. आरशात नाकाकडे पाहिलं तर माझा डावा कान नाही. मान वळवली की कान येतो आणि दुसरं काहीतरी जातं.

तुम्ही ती शक्यता लिहिली नाहीत. मला मात्र आता दुसरं काही सुचत नाही. माणसामागे हिंडणारा अंधार.

कपाटाशी कोणी उभं नाही, हे मान्य. पण वहिनीला हे सगळं माहीत आहे. माझ्याआधी माहीत आहे. ती चार दिवस माझ्यामागे लागलीय, "डॉक्टरकडे चला." काल तर गाडीच बोलावून आणली. मी आतून कडी लावून घेतली. ती दाराबाहेर बराच वेळ होती. "वन्सं, हट्ट नको. वेळ जातोय." कसला वेळ? माझ्या डोळ्यात खोट आहे असं एकदा डॉक्टरच्या तोंडून वदवून घेतलं की पुढचं सोपं. आंधळ्या रफूवालीला उत्तरेची खिडकी कशाला? गाडीवाला शेवटी कंटाळून गेला. वहिनी रडत होती की काय, कळलं नाही. दाराआडून हसणं आणि रडणं सारखंच ऐकू येतं.

तरी बारीक धागा मला अजून दिसतो. अगदी समोर धरला की दिसतो. म्हणजे डोळा चांगलाच आहे ना? तुम्ही सांगाल ते मी मानेन. फक्त लवकर सांगा. मला भीती वाटतेय, आणि कोणाची ते कळत नाही.

तुमची,
सुई


३ मार्च

चि. सौ. सूनबाई,

सौ. लिहून गेलो. तसंच राहू दे, खोडत नाही.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा तुम्ही दोघी इस्पितळात असाल. तरी लिहितो. दुपारी औषधवाल्याच्या दुकानात उभ्या उभ्या जे बोललो ते धड बोलणं नव्हतं.

सकाळी तिचं पत्र आलं. 'तो माझ्याबरोबर वळला' इथे मी थांबलो. तिनंच मला शिकवलं होतं की भोक कापडाबरोबर सरकतं, आणि मीच तिला ऐटीत विचारलं होतं की मग हा अंधार कशात पडलेलं भोक? समोर होतं, सूनबाई. ती जिथे जाते तिथे कोणतं कापड तिच्याबरोबर जातं? मी तुमचं कार्ड शोधलं. 'वन्संचा पडदा सरकला आहे.' तेच चार शब्द, चार-पाच दिवस माझ्या टेबलावर पडलेले. मी चपला न घालता दुकानात गेलो.

तुम्ही 'हॅलो' म्हणालात आणि मी नमस्कार-चमत्कार सोडून ओरडलो, "कोणता पडदा?"

तुम्ही म्हणालात, "डोळ्याचा. दुसरा कुठला?"

आणि पुढे, "माझ्या वडिलांचा असाच सरकला होता. आधी काजळी, मग चमका, मग डावीकडून काळं. आम्ही उशीर केला."

एवढं लांब तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. तारेत जास्तीचा शब्द घालायचा नाही, ही तुमची सवय. 'डोळ्याचा' हा एक शब्द तुम्ही वाचवलात. कारण सांगण्याची गरजच नव्हती, घरातला माणूस आजारी असताना खिडकीच्या पडद्याबद्दल कोण लिहितं? असं शहाण्या माणसाला वाटेल. मी शहाणा माणूस नव्हतो. मी तिच्या पत्रातला खिडकीचा पडदा घेऊन बसलो होतो आणि त्यामागे तुम्हाला उभं केलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते. इथे तर डोळाच भाचीचा.

नंतर तुम्ही तिला फोनवर बोलावलंत. ती म्हणाली, "मामा, ती ऐकतेय." मी म्हटलं, "ऐकू दे. आता ती सांगेल तसं कर." मग तिनं विचारलं, "म्हणजे अंधार माझ्यातच आहे?" "वहिनीचा हात धर आणि गाडीत बस," मी म्हटलं. "डाव्या बाजूनं तिला चालू दे."

२७ तारखेचं माझं पत्र तुम्ही फाडलं नसेल, तुम्ही फाडणाऱ्यातल्या नाही. फाडावं, ही विनंती.

मामा


१४ मार्च

ती. मामा,

नमस्कार.

अक्षर ओळखलंत का? माझं नाही. मला दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे आणि डोकं हलवायची बंदी, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ठेवल्यात. मी सांगते आणि वहिनी लिहिते. ती काय लिहिते ते मला दिसत नाही. महिन्यापूर्वी मला कोणी सांगितलं असतं की तू वहिनीच्या हातून मामांना पत्र लिहून घेशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

(त्या म्हणाल्या 'वेड्यात', मी तसंच लिहिलं. सून.)

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, पडदा एका कडेनं सुटत सुटत मध्यापर्यंत आला होता, मधला भाग शाबूत होता. म्हणून मला बारीक धागा दिसायचा आणि मी छातीठोकपणे म्हणायचे, माझा डोळा ठणठणीत आहे. कापड दुमडलं की मधली नक्षी तशीच दिसते, कडा कुठे गेल्या ते कळत नाही. तसंच. त्यांनी आत तो परत चिकटवलाय. मी विचारलं, टाके घातलेत का? ते म्हणाले, बाहेरून थोडे. मी म्हटलं, दिसत नाहीत ना? ते हसले. मी गंमत करत नव्हते.

राखाडी कोटाची डावी कड माझ्याच हातून राहिली होती. लाँड्रीवाल्याला सांग, असं वहिनीला म्हटलं. ती म्हणाली, "सांगितलं." कधी? "त्याच दिवशी." म्हणजे मी तिच्यावर धागा उसवल्याचा आळ घेत होते तेव्हा ती माझ्या वतीनं माफी मागून आली होती.

सुयांचं विचारलं. "तुम्ही सुईशी भांडत होतात," म्हणाली. "दूध उतू गेलं तरी तुमचं भांडण चालूच. म्हटलं, ओवून ठेवावं." मग सांगायचं नाही? तर म्हणे, "सांगितलं असतं तर वापरल्या असत्या?"

नसत्या वापरल्या.

आणि डावीकडे कोणीतरी उभं असायचं ते. त्यातलं थोडं डोळ्याचं होतं. बाकीचं खरंच ती होती. पायरीवर मी अडखळेन म्हणून दारात उभी राहायची. तेव्हा संशय अगदीच खोटा नव्हता, मामा. कोणीतरी माझ्यावर नजर ठेवूनच होतं.

(हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं होतं. त्यांनी पुन्हा लिहायला लावलं. सून.)

आता तुमच्या अंधाराबद्दल. इथे आल्यापासून मी त्याच्या आतच आहे, तेव्हा माझं म्हणणं तुम्हाला ऐकावं लागेल. तो आता सरकत नाही. सगळीकडे सारखा आहे, त्याला कड नाही. पहिला दिवस मी फार भ्याले, कारण कड असली की निदान कळतं, तो कुठे संपतो ते. मग दुसरं कळायला लागलं. वहिनीची सपात डाव्या पायाला जास्त घासते. ती खुर्चीत बसताना आधी हात टेकते, मग बसते. गोळ्या देताना माझ्या हातात ठेवायच्या आधी स्वतःशी मोजते. इतकी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. रोज डोळ्यांनी बघत होते ना.

पट्टी सोडल्यावर काय दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत. "बघू," म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडी भलताच विनोदी वाटतो. वहिनीला विचारलं, तुला काही बोललेत का? ती म्हणाली, "नाही."

(मामा, बोललेत. मध्याचं चांगलं दिसेल. घर, माणसं, वाचन, जाड टाका. डावीकडचा कोपरा बहुधा काळाच राहील. काळ्यावर काळा रफू पूर्वीसारखा जमेल असं नाही, असं ते म्हणाले. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पट्टी सुटू दे, खिडकी दिसू दे, मग मी सांगेन. खोली त्यांचीच राहील, खिडकीचा पडदा मी काढून टाकलाय, तो खरंच वाऱ्यासाठी होता. काम थोडं असलं तरी त्याच खोलीत होईल, कडा मी बघेन. माझ्या बापाला आम्ही पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ते नंतर खिडकीपाशी बसलेच नाहीत. तुम्ही याल तेव्हा तोंड सांभाळा. हे मी वाचून दाखवताना गाळणार आहे. सून.)

मामा, एक सांगायचं राहिलं. मी आत्ता 'नाही' म्हणून थांबले, आणि वहिनीचं पेन कितीतरी वेळ चालतच राहिलं. पानही उलटलं. मी विचारलं, "एवढं काय लिहिलंस?"

म्हणाली, "पूर्णविराम ठळक केला."

जिनं जन्मभर शब्द वाचवले तिचा पूर्णविराम पानभर. मला डोळे नसतील, कान आहेत. पूर्वीची मी असते तर पट्टीसकट उठून कागद हिसकावून घेतला असता आणि औषधवाल्याला फोन लावून सगळं तुमच्याकडून वदवून घेतलं असतं.

तिच्या सपातेचा आवाज नाही, म्हणजे ती हललीसुद्धा नव्हती.

मग मी म्हटलं, "बरं. वाचून दाखवू नकोस. घडी घाल आणि पाकीट चिकटव."

तुमची,
सुईबाई